घराच्या बाजूचा मिस्तरी

बुलढाणा जिल्ह्यात मिस्तरी दोन तऱ्हेचे असतात. पहिला नव्या घरांचा. त्याच्याकडे मोटारसायकल असते, सेंटरिंगवाल्याचा आणि गिट्टीवाल्याचा नंबर असतो, आणि काहीही विचारलं तरी तो ‘होऊन जाते ना भाऊ’ म्हणतो. दुसरा जुन्या घरांचा. त्याच्याकडे सायकल असते, हँडलला पिशवी, पिशवीत करणी, ओळंबा, गुण्या आणि कडा झिजून गोल झालेला रंधा. काहीही विचारलं तरी तो आधी ‘जमत नाई’ म्हणतो. पहिला दिलेल्या तारखेला येत नाही. दुसरा तारीखच देत नाही, त्यामुळे त्याच्यावर खोटं बोलल्याचा आळ घेता येत नाही.

मला सांगायचं आहे ते या दुसऱ्याबद्दल.

चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या घाटावरच्या तालुक्यांत पांढऱ्या मातीची, दगडाची, जुन्या विटांची घरं अजून टिकून आहेत, आणि ती आहेत तोवर हाही आहे. शिधापत्रिकेवर त्याला नाव असेल. गावात ते कोणाला ठाऊक नसतं. वय विचारलं तर कुठल्या साली कोणाचं धाबं, म्हणजे मातीचं छत, बसलं ते तो सांगतो आणि बेरीज-वजाबाकी आपल्यावर सोडतो.

नव्या मिस्तरीचं गिऱ्हाईक म्हणजे मालक. याचं गिऱ्हाईक म्हणजे घर. पैसे मालकाने द्यायचे, चहा मालकिणीने द्यायचा, पण मिस्तरी घराच्या बाजूचा. मालक त्याच्या लेखी त्या घरात काही दिवस राहायला आलेला, फारशी समज नसलेला कोणी भाडेकरू असतो. आमच्याकडे तो आला तेव्हा मी दारातच नमस्कार केला. त्याने तो चौकटीच्या वतीने स्वीकारला. चपला ओसरीखाली काढल्या, आणि बैलबाजारात गिऱ्हाईक जसं मालकाकडे ढुंकूनही न पाहता बैलाच्या पाठीवरून हात फिरवतं, तसा तो माजघराच्या भिंतीवरून हात फिरवत चालला. मध्येच करणीची मूठ भिंतीवर ठोकायची, कान द्यायचा, पुढे सरकायचं. स्वयंपाकघरापाशी थांबला. तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत पट्टा होता आणि त्याच्या वर भिंतीचा भुगा होऊन गळत होता.

“हे कोनं केलं?”

मी म्हटलं, “मागच्या मिस्तरीनं. ओल येत होती म्हणून.”

“आन् मंग गेली का ओल?”

“नाही. वर चढली.”

“चढनच ना गुरुजी! तिले खालून बाहेर निघाची वाट होती, थे तुमी बंद केली. तुमाले दाराले कुलूप घालून कोंडलं त तुमी काय कराल? माळ्यावर चढसान का नाई?”

या एका प्रश्नात त्याची सगळी विद्या आहे आणि ती खरी आहे. जुन्या भिंतीखाली ओलीचा मज्जाव करणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटेच्या आणि मातीच्या बारीक छिद्रांतून वर सरकतं, सोबत क्षार आणतं. पाणी भिंतीच्या अंगावरून उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे बनतात आणि ते खडे विटेचा दर्शनी पापुद्रा आतून ढकलून पाडतात. याला आपण लोणा लागला म्हणतो. घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, हे दुखणं घरोघरी. मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून ओल निदान बाहेर तरी पडते. सिमेंट तिला कोंडतं, मग ती पट्ट्याच्या वरून डोकं काढते. त्यावर मालक काय करतो? आणखी दोन फूट सिमेंट लावतो. मिस्तरीच्या म्हणण्याप्रमाणे काही मालक असे करत करत छतापर्यंत पोचलेत, आणि आता लोण्याला पुढे जागा नसल्यामुळे तो त्यांच्या डोक्यात शिरला आहे.

सिमेंटवर त्याचा राग भाऊबंदकीतला आहे. या देशात सिमेंट पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ सालापासून निघायला लागलं, हे मी त्याला एकदा माहितीखातर सांगितलं. तेव्हापासून कुठलीही भिंत पाहून तो ‘हे चौदाच्या आधीचं काम’ किंवा ‘हे चौदाच्या मागचं’ असं म्हणतो. मागचं म्हणताना तोंड कडू करतो. त्याच्या दृष्टीने पहिलं महायुद्ध ही त्या वर्षातली दुय्यम घटना आहे.

चुन्याबद्दल मात्र बोलायला लागला की माणूस मऊ होतो. कळीचा चुना आणायचा, पाण्यात विझवायचा, तो उकळ्या फोडत असताना लांब उभं राहायचं, मग पाण्याखाली झाकून मुरू द्यायचा. किती दिवस? “जितके जास्त तितकं बरं.” त्यात रेती, विटांचा चुरा, तागाचे बारीक तुकडे. पूर्वी गावाबाहेर चुन्याची घाणी असायची. बैल गोल फिरायचे आणि दगडी चाकाखाली चुना लोण्यासारखा मळला जायचा. हल्ली त्या चाकावर बसून पोरं मोबाइल बघतात. चुना हवेतला कर्बवायू परत शोषून घेत घेत पुन्हा दगड होतो आणि या कामाला त्याला महिने लागतात, वर्षंही लागतात. इतकी फुरसत असलेला पदार्थ आणि इतकी फुरसत असलेला माणूस यांचं जमावं यात नवल नाही.

अडचण येते ती स्वयंपाकघरातून. चुन्यात गुळाचं पाणी लागतं, भिजवलेल्या उडदाचा लगदा लागतो, हिरडा लागतो, बेलफळाचा गर लागतो. मिस्तरी या वस्तू मालकाकडे मागत नाही, थेट माझ्या आईकडे मागतो. “माय, थोडा गूळ लागन भितीले.” आई देवभोळी, भिंत उपाशी राहील या भीतीने तिने पहिल्या दिवशी डबाच पुढे केला. चौथ्या दिवशी आम्ही बिनगुळाचा चहा पीत होतो आणि उत्तरेकडची भिंत गूळ-उडीद खाऊन तुकतुकीत होत होती. नंतर आईने डब्याला कुलूप घातलं, तर हा रोज सकाळी भिंतीकडे पाहून आईला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायचा, “अशक्तपना दिसते.”

आता धुराड्याकडे येतो. घाटावरचं आमचं गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. मे महिन्यात घाटाखालची माणसं आमच्याकडे हवा खायला येतात आणि डिसेंबरात आम्ही शेकोटीपासून हलत नाही. त्यामुळे चूल हा इथे स्वयंपाकापुरता विषय नाही. धाब्याच्या घरात धूर जायला वर सानं असतं, छताला ठेवलेलं भोक, पावसाळ्यात त्यावर फरशी किंवा फुटकं मडकं पालथं घालायचं. ज्यांनी हौसेने विटांचं धुराडं काढलं, त्यांच्याकडे वर्षातून एकदा मिस्तरीची वारी ठरलेली. जिल्ह्यातली खरी धुराडी त्याच्या मते घाटाखाली, कापसाच्या पेठांत. खामगावला १८७० साली कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, मग वाफेवरचे जिनिंग-प्रेसिंग आले आणि त्यांची विटांची उंच धुराडी. त्यांच्यावर उगवलेल्या पिंपळांचा तो वैयक्तिक शत्रू आहे. एसटीतून जाताना असा पिंपळ दिसला की खिडकीतून त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटतो. शेजारच्या बाईला वाटतं, पिंपळ म्हणून हात जोडतोय. तीही जोडते.

आणि इथेच तो आंतरराष्ट्रीय झाला.

माझा भाचा अमेरिकेत, मिलवॉकी नावाच्या शहरात असतो. मिशिगन सरोवराकाठी, हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस अंश खाली जाऊ शकतो असं ठिकाण. त्याने शंभरी ओलांडलेलं विटांचं घर घेतलं आहे. त्या गावच्या जुन्या विटा तांबड्या नाहीत, फिक्कट पिवळ्या. त्यावरून त्या शहराला क्रीम सिटी असं टोपणनावच पडलंय. तर भाच्याच्या छतावरच्या धुराड्याच्या विटांचे पापुद्रे निघून अंगणात पडत होते. एका कंपनीने सगळं धुराडं पाडून नवं बांधण्याचा खर्च सांगितला होता, आणि तो ऐकून भाच्याने दुःख हलकं करायला मला व्हिडिओ कॉल केला. मिस्तरी बाजूलाच तराई करत होता. बादली ठेवून तो फोनमध्ये डोकावला.

“हे कोनं केलं?”

भाचा दचकला. मी ओळख करून दिली. मिस्तरीला त्या ओळखीत रस नव्हता. “बाबू, फोन भितीजवळ ने. अजून जवळ. नखानं खरवड बरं ते मधातलं.” भाच्याने बर्फात शिडीवर उभं राहून खरवडलं. “निघते का?” “नाही मिस्तरी, दगडासारखं आहे.” “आन् वीट?” वीट नखाने निघत होती.

मिस्तरीने माझ्याकडे पाहिलं. तिथेही सिमेंट पोचलं होतं.

त्याने निदान केलं ते असं. वीट मऊ, तिच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, मुळात मऊ चुन्याच्या. मागच्या कोण्या मालकाने त्या उकरून कडक सिमेंट भरलं. आता पावसाचं, बर्फाचं पाणी विटेत शिरतं, पण दर्जांतून बाहेर निघत नाही. “आपल्याकडे जे खार करते, तिकडं ते बर्फ करते.” भाचा इंजिनिअर आहे. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग मला म्हणाला, “मामा, बरोबर आहे. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं.” मिस्तरीला टक्क्यांचं काही नव्हतं. क्षाराचा खडा काय आणि बर्फाचा खडा काय, विटेच्या पोटात शिरून तिचं तोंड फोडतो एवढं त्याला पुरेसं होतं. त्याने भाच्याला आठवडाभर पुरेल इतकं बोलून घेतलं. धुराड्याच्या माथ्यावरचं काँक्रीट तडकलेलं होतं आणि वर झाकण नव्हतं. “सानं उघडं ठेवून पावसात झोपता? मडकं न्हाई मिळत का तुमच्या गावात?” भाचा म्हणाला, तिकडे लोखंडी जाळीची टोपी मिळते. “मंग घाल ना बाप्पा.”

भाच्याची दुसरी तक्रार होती की शेकोटी पेटवली की पहिला धूर घरातच येतो. मिस्तरीने विचारलं, स्वयंपाकघरात धूर ओढायचा पंखा आहे का? होता. चालू असतो का? असतो. “घरातली हवा पंख्यानं बाहेर फेकता, दारंखिडक्या गच्च लावता, आन् धुराड्याले म्हनता तू वर जाय! थे काऊन जाईन? त्याच्यातूनच हवा आत वढल्या जाते.” वर नळी थंडगार असते, तिच्यात थंड हवा जड होऊन बसलेली, तिला आधी पेटता कागद दाखवून ऊन करायचं, मग लाकडाला काडी. आणि लाकूड ओलं जाळतोस का? भाचा ओशाळला. ओल्या लाकडाने नळीला आतून डांबरासारखी काजळी धरते आणि ती एखाद्या दिवशी पेट घेते; म्हणून तिकडे वर्षातून एकदा धुराडं तपासून घ्या असं अग्निसुरक्षावाले सांगतात. भाच्याने आणखी काय काय सांगितलं, पण मिस्तरीचं लक्ष उडालं होतं. त्याने शेवटचा प्रश्न विचारला, “कंपनी किती म्हनते?” भाच्याने डॉलरचे रुपये करून सांगितले. मिस्तरीने टोपी काढली, परत घातली, आणि उरलेला दिवस कोणाशी बोलला नाही.

मला वाटलं आता हा रोज वाढवणार. तसं झालं नाही. झालं ते वाईट. पुढच्या आठवड्यापासून त्याने प्रत्यक्ष जाणंच बंद केलं. मेहकरचा माणूस बोलवायला आला की म्हणायचं, “आधी फोनवर भीत दाखवा.” त्याचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे व्हिडिओ माझ्या फोनवर येऊ लागले. माझ्या मोबाइलमध्ये तालुक्यातल्या भेगांचा संग्रह आहे. लग्नाच्या आमंत्रणांपेक्षा तो मोठा आहे.

त्याचं सगळंच ऐकावं असं नाही. किल्लारीचा विषय काढला की तो अडचणीत येतो. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर मराठवाड्यात आणि आमच्याकडेही लोकांनी दगडमातीच्या भिंतींवरचा भरवसा सोडला, आणि जड धाब्याखाली माणसं गाडली गेली हे खोटं नाही. मिस्तरी म्हणतो, त्या भिंतींत आरपार जाणारे दगड घातले नव्हते, आतला आणि बाहेरचा पदर वेगळा झाला, म्हणून पडल्या. तेही खरं आहे. पण मग आपल्या भिंतीत ते दगड आहेत का, असं विचारलं की तो ओळंबा गुंडाळायला लागतो. या एका बाबतीत मी त्याच्या निष्ठेला पुरावा मानत नाही; माझी खाट मी बाहेरच्या खोलीत हलवली आहे.

पाया उकरायलाही तो तयार नसतो, पण त्याचं कारण निराळं. २०२४ सालच्या उन्हाळ्यात सिंदखेड राजाला लखुजीराजे जाधवांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचं जतनाचं काम चालू होतं. उकरता उकरता जुन्या देवळाचे अवशेष लागले, आणि त्याखाली शेषशायी विष्णूची भलीमोठी मूर्ती निघाली. सगळा जिल्हा पाहायला लोटला. मिस्तरीही जाऊन आला. आल्यापासून हातभराच्या खाली कुदळ मारत नाही. “खाली देव निघाला त घर सरकारचं, आन् तुमी गुरुजी कुठं जासान?” मला क्षणभर बरं वाटलं, की याला माझीही काळजी आहे. तेवढ्यात तो म्हणाला, “आन् मंग भितीले कोन पाह्यन?”

कामाला उशीर का, याची त्याची कारणंही साधीसुधी नसतात. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होते; संध्याकाळी घटाभोवती धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्याआधी धाब्याला खारी माती टाकायची नाही, हा त्याचा नेम. ही माती क्षारामुळेच ओली झाली की फुगून चिकटते आणि पाणी आत जाऊ देत नाही. भिंतीला खाणारं मीठ छताला राखतं. भाकीत पाऊस कमी असं आलं, तर “मंग घाई कायले?” पाऊस जास्त असं आलं, तर “आता एवढ्या पान्यात माती टिकते का?” मी पुष्कळ दिवस समजत होतो की हा आळस आहे.

खरं कारण मला त्याच्या बायकोकडून कळलं. त्याचं स्वतःचं घर घरकुल योजनेतलं आहे. एक लाख वीस हजार, हप्त्याहप्त्याने. सिमेंटच्या विटा, वर स्लॅब. विचारलं तर तो म्हणतो, “हप्ता फोटो पाहून येते गुरुजी. पायाचा फोटो, मंग वरचा फोटो. चुना वाळायची वाट कोन पाह्यते? आन् मातीची भीत असन त सरकार त्याले पक्कं म्हनत नाई.” हे सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नसते, आकडेमोड असते. चुन्याचं काम आज सिमेंटपेक्षा महाग पडतं, मळायला माणूस नाही, मुरवायला जागा नाही. ते गुरुजी लोकांना परवडतं. मात्र एप्रिल-मेमध्ये ते घर तव्यासारखं तापतं. म्हणून हा उन्हाळ्यात ज्याच्या घराचं काम घेईल त्याच्या माजघरात दुपारी आडवा होतो. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर धाबं, आत गारवा. असं घर मृग लागेपर्यंत सोडवत नाही. चिखली तालुक्यात कुठल्याही जुन्या घराचं काम सात जूनच्या आत का संपत नाही, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

यंदा दिवाळीला धाकटा भाऊ पुण्याहून आला तो नकाशा घेऊनच. जुनं पाडायचं, खाली पार्किंग, वर दोन मजले. आई काही बोलली नाही. पाडण्याचा अंदाज घ्यायला भावाने, दुसरं कोण आठवणार, मिस्तरीलाच बोलावलं. मी त्याची समजूत काढायच्या तयारीत होतो, पण मिस्तरी खुशीत दिसला. त्याने सगळं घर फिरून हिशेब मांडला. सागाच्या तुळया इतक्या, चौकटी इतक्या, घडीव दगड इतके, पांढरी माती इतके ट्रॅक्टर, ती शेतकरी आपणहून शेतात टाकायला नेतात. भाऊ कॅल्क्युलेटरवर बोटं मारत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता.

“म्हणजे मिस्तरी, पाडायचा खर्च वस्तूंतूनच निघतो की!”

“निघते ना. वरून उरते.”

“मग कधी सुरू करता?”

“तुमी दगड एकेक काढाचा म्हनता का जेसीबी लावता?”

“जेसीबी. एका दिवसात.”

“हाव. पन जेसीबीनं दगड फुटते, तुळई मोडते, माती-चुना एक होते. मंग वस्तूचे पैसे शून्य.” भावाची बोटं थांबली. “एकेक काढाचं असन त मी करतो. नंबर टाकून, दर्जा उकरून, तुळईले दोर लावून.”

“किती दिवस?”

मिस्तरीने भिंतीकडे पाहिलं, जणू तिची सोय विचारली. “बांधाले तीन वर्सं लागले व्हते असं तुमचे आजे सांगत. पाडाले त्याच्याहून जास्त नाई लागनार. माहा रोज, दोन रेजा, दुपारचं जेवन, आन् दुपारी घंटाभर आराम माजघरात.”

“माजघर तर पाडणार ना आपण?”

“थे शेवटी.”

भावाने कागदावर तीन वर्षांचे रोज मांडायला घेतले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला वेळ होता, म्हणून मिस्तरीने मधल्या वेळात स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा सिमेंटचा पट्टा छिन्नीने काढायला सुरुवात केली, आणि आईने न मागता गुळाचा डबा आणून त्याच्याजवळ ठेवला.